विश्लेषण : रोजची १५ मिनिटांची बैठक होते, पण निर्णय कोण घेतो? महाकाय आयटी कंपन्यांतील ‘अ‍ॅजाइल’चे कोडे

तिवसा तालुक्यातील मुले-मुली बडनेरा, अमरावती किंवा नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडतात आणि पुण्याच्या हिंजवडीत वा नागपूरच्या मिहानमध्ये नोकरीला लागतात. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या कानावर ‘अ‍ॅजाइल’, ‘स्क्रम’, ‘स्प्रिंट’ हे शब्द पडू लागतात. घरच्यांना मात्र एवढेच कळते, की संध्याकाळी साडेसातला फोन केला तर पोरगा म्हणतो, ‘मीटिंग सुरू आहे, नंतर बोलतो’. काम करण्याची ही पद्धत मुळात एका खोलीत बसणाऱ्या आठ-दहा जणांसाठी होती. ती आता काही लाख कर्मचारी आणि पाच-सहा देशांत पसरलेल्या प्रकल्पांना लावली जाते. ती कितपत चालते, कुठे अडते आणि तिच्यामुळे कोणाच्या नोकऱ्या बदलत आहेत, याचा हा आढावा.

आता चर्चा कशामुळे?

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस अर्थात टीसीएस या देशातील सर्वांत मोठ्या आयटी कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून थोडे अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. तेव्हा कंपनीत सहा लाखांहून अधिक लोक काम करत होते. कपातीचा रोख प्रामुख्याने मधल्या आणि वरिष्ठ फळीवर होता. ‘एआय’मुळे काम कमी झाले म्हणून ही कपात नाही, कौशल्ये आणि उपलब्ध काम यांचा मेळ बसत नाही, असे कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी के. कृतिवासन यांनी सांगितले. सप्टेंबरअखेरीस कर्मचारीसंख्या सहा लाखांच्या खाली आली.

मधली फळीच का, या प्रश्नाचे एक उत्तर काम करण्याच्या बदललेल्या पद्धतीत आहे. जुन्या पद्धतीत कामाची वाटणी करणारे, अहवाल गोळा करणारे आणि वर पाठवणारे अनेक थर लागत. नव्या पद्धतीत हे काम लहान चमूने स्वतःच करावे, अशी अपेक्षा असते. त्यामुळे ‘अ‍ॅजाइल’ हा आता केवळ अभियंत्यांच्या आपसातल्या बोलण्याचा शब्द राहिलेला नाही. तो पगाराशी जोडला गेला आहे.

जुनी पद्धत कोणती होती?

तिला ‘वॉटरफॉल’ म्हणतात. धबधब्याचे पाणी एका पायरीवरून दुसरीवर पडते, परत वर जात नाही. तसेच इथे आधी ग्राहकाच्या सगळ्या गरजा लिहून घ्यायच्या, मग आराखडा, मग कोडिंग, मग चाचणी आणि शेवटी एकदाच सगळे ग्राहकाच्या हाती द्यायचे. विन्स्टन रॉइस या अमेरिकी अभियंत्याने १९७० मध्ये एका शोधनिबंधात हा क्रम मांडला. गंमत म्हणजे तो तसाच्या तसा वापरणे जोखमीचे आहे, असा इशाराही त्यांनी त्याच निबंधात दिला होता. उद्योगाने आकृती उचलली, इशारा मागे राहिला.

या पद्धतीतला धोका सोयाबीनच्या शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सोयाबीनची सोंगणी एकदाच होते. ऐन सोंगणीत परतीचा पाऊस आला तर हंगामभराची मेहनत त्या चार दिवसांत जाते. कापसाचे तसे नसते. कापूस वेच्यावेच्याने घरी येतो. पहिल्या वेच्यातच बोंडअळी किती, भाव काय, हे कळते. मग पुढे आणखी पाणी द्यायचे, की पऱ्हाटी उपटून हरभरा पेरायचा, हे ठरवायला हाताशी वेळ राहतो.

‘अ‍ॅजाइल’ ही सॉफ्टवेअरची वेचणी आहे. सगळे एकदम देण्याऐवजी दर दोन-तीन आठवड्यांनी चालू स्थितीतला एक तुकडा तयार करायचा, ग्राहकाला दाखवायचा आणि त्याचे म्हणणे ऐकून पुढचा तुकडा ठरवायचा. वेचणीचा खरा फायदा या शेवटच्या टप्प्यात आहे. पहिल्या वेच्यानंतर बेत बदलायची मुभाच नसेल, तर वेचे पाडण्याला अर्थ उरत नाही.

ही कल्पना आली कुठून?

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड या बर्फाळ पर्यटनस्थळी १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञ जमले. केंट बेक, मार्टिन फाउलर, केन श्वेबर, जेफ सदरलँड ही त्यातली काही नावे. त्यांनी चार मूल्ये आणि १२ तत्त्वांचा एक छोटा जाहीरनामा तयार केला. त्याचा सारांश असा, की प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसे आणि त्यांच्यातला संवाद मोलाचा. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर मोलाचे. कंत्राटातील घासाघिशीपेक्षा ग्राहकाबरोबरचे सहकार्य मोलाचे आणि ठरलेल्या आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे मोलाचे.

‘स्क्रम’ हा त्याचा सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार. हा शब्द रग्बी या खेळातला. जपानी अभ्यासक हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी १९८६ मध्ये नव्या उत्पादनांच्या निर्मितीविषयी लिहिताना रग्बीचा दाखला दिला होता. श्वेबर आणि सदरलँड यांनी १९९५ मध्ये त्यावर बेतलेली सॉफ्टवेअरची पद्धत मांडली.

एका ‘स्प्रिंट’मध्ये काय घडते?

- कामाचा एक ठरावीक कालावधी असतो. त्याला स्प्रिंट म्हणतात. तो जास्तीत जास्त एक महिन्याचा. बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांचा.

- करायच्या कामांची प्राधान्यक्रमाने लावलेली यादी म्हणजे ‘बॅकलॉग’. आधी काय, नंतर काय, हे ठरवणारी एक व्यक्ती असते. ती ‘प्रॉडक्ट ओनर’.

- रोज १५ मिनिटांची बैठक होते. काम कुठवर आले आणि कुठे अडले, हे चमूतील लोक एकमेकांना सांगतात.

- शेवटी तयार झालेला भाग ग्राहकाला दाखवतात. त्यानंतर ‘रेट्रो’, म्हणजे काय चुकले आणि पुढच्या वेळी काय बदलायचे, यावर मोकळी चर्चा.

- हे सगळे नीट चालते की नाही, याची काळजी ‘स्क्रम मास्टर’ घेतो. तो साहेब नसतो. अडथळे दूर करणे हे त्याचे काम.

स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेनुसार चमू साधारण दहा किंवा त्याहून कमी लोकांचा असावा. खरी अडचण इथूनच सुरू होते.

दहा जणांची पद्धत हजारोंना कशी लावायची?

गणित सोपे आहे. दहा जणांच्या चमूत दोघा-दोघांच्या ४५ जोड्या होतात. शंभर जण झाले की जोड्या ४,९५०. माणसे दहापट, बोलण्याचे धागे शंभरपटीहून जास्त. आयबीएमच्या मोठ्या प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले होते, की उशीर झालेल्या प्रकल्पात आणखी माणसे ओतली तर तो आणखी लांबतो. नव्या माणसाला समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि धागे वाढत राहतात.

यावर उपाय म्हणून मोठ्या संस्थांसाठी काही चौकटी तयार झाल्या. डीन लेफिंगवेल यांनी २०११ मध्ये आणलेली ‘सेफ’ ही त्यातली सर्वांत परिचित. ५० ते १२५ जणांचे अनेक चमू मिळून एक ‘ट्रेन’ करायची आणि आठ ते बारा आठवड्यांचे नियोजन सर्वांनी एकत्र बसून करायचे, अशी ती कल्पना. २०१२ मध्ये स्वीडनच्या स्पॉटिफाय कंपनीतील ‘स्क्वॉड’ आणि ‘ट्राइब’ची रचना गाजली. तेव्हा तिथे ३० हून अधिक चमू तीन शहरांत काम करत होते. ही एका वेळची, सतत बदलणारी स्थिती आहे, असे त्याविषयी लिहिणाऱ्यांनीच स्पष्ट केले होते. तरी जगभरच्या कंपन्यांनी तिची नक्कल केली. नेदरलँड्सच्या आयएनजी बँकेने २०१५ मध्ये मुख्यालयातील सुमारे ३,५०० जणांची नऊ-नऊ जणांच्या सुमारे ३५० स्क्वॉडमध्ये फेररचना केली.

मात्र जाहीरनाम्याच्या १२ तत्त्वांमधले एक तत्त्व असे, की चमूत माहिती पोहोचवण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे समोरासमोर बोलणे. भारतीय आयटी उद्योगाचा पायाच दुसरा आहे. ग्राहक अमेरिकेत किंवा युरोपात आणि काम करणारे पुण्यात, चेन्नईत, नागपुरात. म्हणजे ज्या गोष्टीवर ही पद्धत उभी आहे, नेमकी तीच इथे नाही.

टीसीएसने काय केले?

टीसीएसने २०२० पर्यंत संपूर्ण कंपनी ‘एंटरप्राइझ अ‍ॅजाइल’ करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. लाखो कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले. सगळे एका खोलीत नसतानाही अ‍ॅजाइल चालावे म्हणून ‘लोकेशन इंडिपेंडंट अ‍ॅजाइल’ नावाची स्वतःची पद्धत तयार केली. तिची साधी कल्पना अशी, की कोणता चमू किती विखुरला आहे ते आधी पाहायचे आणि त्यानुसार कामाची वाटणी, बैठका व साधने ठरवायची.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि परीक्षा झाली. काही आठवड्यांत टीसीएसच्या ९० टक्क्यांहून अधिक कर्मचाऱ्यांना घरून काम करण्याची सोय करून देण्यात आली. पुण्याच्या खोल्या सोडून मुले गावी परतली. विदर्भातल्या तालुक्याच्या गावांतून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि इन्व्हर्टरच्या भरवशावर, युरोप-अमेरिकेच्या बँकांचे काम सुरू राहिले. कंपनीने तेव्हा ‘२५ बाय २५’ हे धोरण जाहीर केले. २०२५ पर्यंत कोणत्याही एका वेळी २५ टक्क्यांहून अधिक कर्मचाऱ्यांना कार्यालयात असण्याची गरज राहणार नाही, असा त्याचा अर्थ.

प्रत्यक्षात २०२५ उजाडण्याआधीच वारे फिरले. ऑक्टोबर २०२३ पासून टीसीएसने बहुतेक कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले. जून २०२५ मध्ये नवा नियम आला. वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असणे बंधनकारक आणि ‘बेंच’वर, म्हणजे कामाविना, जास्तीत जास्त ३५ दिवस. विखुरलेल्या अवस्थेत काम होते, हे टाळेबंदीत दिसले. पण नवख्यांना शिकवणे, चमूत विश्वास तयार होणे आणि अडचण लवकर बोलून दाखवणे या गोष्टी पडद्यावरून कठीण जातात, असा अनेक कंपन्यांचा सूर आहे.

घड्याळ कुठे अडवते?

भारतात संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजलेले असतात. हिवाळ्यात हीच वेळ साडेसात होते. कॅलिफोर्नियातले सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. लंडन त्यामानाने जवळ. तिथले सकाळचे नऊ म्हणजे इथले दुपारचे दीड किंवा अडीच.

समजा, अमेरिकी बँकेच्या अ‍ॅपमध्ये पैसे पाठवण्याची मर्यादा बदलायची आहे. नागपुरातल्या अभियंत्याला सकाळी ११ वाजता प्रश्न पडला, की ही मर्यादा दिवसाची की महिन्याची? उत्तर देणारा प्रॉडक्ट ओनर न्यू जर्सीत झोपलेला आहे. तो संध्याकाळी साडेसहानंतर उत्तर देणार. तोवर अभियंता घरी निघालेला. काम दुसऱ्या दिवशी सुरू होणार. एका ओळीच्या उत्तराला एक दिवस गेला. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कामाचे दिवस दहाच असतात. असे चार प्रश्न निघाले की चार दिवस संपले.

यातून दोन वाटा निघतात. पहिली, अभियंत्याने रात्री नऊ-दहापर्यंत थांबायचे. बहुतेक ठिकाणी हीच वाट धरली जाते आणि तिची किंमत झोप, प्रकृती आणि घर मोजते. मुलींच्या बाबतीत रात्रीच्या प्रवासाचा प्रश्नही जोडला जातो. दुसरी, अंदाजाने काम पुढे रेटायचे. अंदाज चुकला तर ते पुन्हा करायचे.

तिसरी वाटही आहे. मर्यादा दिवसाची की महिन्याची, एवढे ठरवण्याचा अधिकार नागपुरातच कोणाला तरी द्यायचा. यासाठी नवी संगणकप्रणाली लागत नाही. ग्राहकाने अधिकार सोडावा लागतो, आणि तेच सर्वांत अवघड आहे.

कंत्राटाचा काय संबंध?

अ‍ॅजाइल म्हणते, गरजा बदलणारच, त्यांना सामोरे जा. कंत्राट म्हणते, अमुक काम, अमुक तारीख, अमुक रक्कम. ठरलेल्या किमतीच्या कंत्राटात प्रत्येक बदलासाठी ‘चेंज रिक्वेस्ट’चा वेगळा अर्ज आणि वेगळे पैसे लागतात. मग दर दोन आठवड्यांनी ग्राहकाला काम दाखवूनही उपयोग होत नाही. त्याने बदल सुचवला की अभियंत्यांचे काम थांबते आणि व्यवस्थापकांच्या ई-मेल सुरू होतात.

म्हणूनच अनेक ठिकाणी बाहेरून अ‍ॅजाइल आणि आतून वॉटरफॉल, असा प्रकार दिसतो. वर्षभराचा आराखडा आधीच ठरलेला असतो. त्याचे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडले जातात आणि त्यांना स्प्रिंट म्हटले जाते. वेचे पडतात, पण बेत बदलण्याची मुभा कोणालाच नसते.

निर्णय जवळ आणला तर काय होते?

अमेरिकेच्या एफबीआयचे उदाहरण बोलके आहे. तपासाची कागदपत्रे संगणकावर आणण्याचा त्यांचा पहिला प्रकल्प सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये गुंडाळावा लागला. ‘सेंटिनेल’ नावाचा दुसरा प्रकल्प मोठ्या कंत्राटदाराकडे देण्यात आला, तोही रखडला. २०१० मध्ये एफबीआयने तो स्वतःच्या हाती घेतला, लहान चमू केला आणि अ‍ॅजाइल पद्धतीने कामाला लावला. जुलै २०१२ मध्ये ‘सेंटिनेल’ देशभर सुरू झाला. पद्धत बदलली हे खरे. पण त्याच वेळी निर्णय घेणारे आणि काम करणारे एका छताखाली आले, हेही तितकेच खरे.

भारतात असाच बदल ‘जीसीसी’, म्हणजे परदेशी कंपन्यांच्या स्वतःच्या केंद्रांच्या रूपाने होत आहे. नॅसकॉम आणि झिनोव्ह यांच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात अशी १,७०० हून अधिक केंद्रे आणि त्यांत सुमारे १९ लाख कर्मचारी आहेत. बंगळूरु, हैदराबाद आणि पुणे ही त्यांची मोठी ठिकाणे. यातल्या काही केंद्रांत प्रॉडक्ट ओनरच भारतात बसतो. वरचा ‘दिवसाची की महिन्याची’ हा प्रश्न तिथे शेजारच्या टेबलावर सुटतो. सेवा देणाऱ्या कंपन्यांपुढचे आव्हान नेमके हे आहे.

रोजची बैठक हजेरी का बनते?

१५ मिनिटांची बैठक चमूने आपसात अडचणी बोलाव्यात म्हणून आहे. मात्र अनेक चमूंमध्ये ती व्यवस्थापकाला हिशेब देण्याची जागा होते. ‘काल काय केले?’ हा प्रश्न शाळेतल्या गृहपाठासारखा विचारला जातो आणि उत्तरही तसेच येते.

यामागे आपल्या वागण्याची एक सवयही आहे. वरिष्ठांना ‘सर’ म्हणायचे आणि सरांनी विचारले की ‘हो सर, होऊन जाईल’ म्हणायचे, हे शाळेपासून अंगवळणी पडलेले असते. तालुक्याच्या गावातून आलेल्या, इंग्रजीत बोलताना अडखळणाऱ्या नवख्याला ‘हे या आठवड्यात होणार नाही’ असे अमेरिकी ग्राहकासमोर म्हणणे सोपे नसते. मग तो गप्प राहतो, शनिवार-रविवारी काम ओढतो आणि शेवटच्या दिवशी गोष्ट उघडी पडते. अ‍ॅजाइलचा सगळा डोलारा वाईट बातमी लवकर कळण्यावर आहे. ती दडपणारी बैठक रोज झाली तरी उपयोग शून्य.

मोजमापाचेही असेच. काम किती अवघड आहे याचा अंदाज बांधायला चमू ‘स्टोरी पॉइंट’ वापरतात. ते चमूने स्वतःसाठी ठरवलेले माप असते. दोन चमूंची तुलना करायला किंवा पगारवाढ ठरवायला ते वापरले, की लोक सोप्या कामालाही मोठे आकडे लावू लागतात. आकडा वाढतो, काम तेवढेच राहते.

मग अ‍ॅजाइल फसले म्हणायचे का?

नाही. दोन वर्षे थांबून शेवटी एकदम कळण्यापेक्षा दोन आठवड्यांत चूक कळणे केव्हाही स्वस्त. मात्र विखुरलेल्या मोठ्या संस्थेत ते चालण्यासाठी काही गोष्टी लागतात.

पहिली, चमूची वाटणी. आराखडा अमेरिकेत, कोडिंग पुण्यात आणि चाचणी चेन्नईत, अशी विभागणी केली की प्रत्येक छोट्या कामाला तीन शहरे फिरावी लागतात. त्याऐवजी एक संपूर्ण वैशिष्ट्य एका शहरातल्या एका चमूकडे द्यायचे. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये नोंदवले होते, की संस्थेतील माणसे जशी एकमेकांशी बोलतात, तशीच त्यांनी घडवलेल्या प्रणालीची रचना होते. चमू तुटक असतील तर सॉफ्टवेअरही तुटकच तयार होते.

दुसरी, स्वयंचलित चाचण्या. प्रत्येक बदलानंतर सगळे पूर्ववत चालते की नाही, हे यंत्राने काही मिनिटांत सांगितले नाही, तर दर दोन आठवड्यांनी नवा भाग देणे निव्वळ धाडस ठरते. बैठका सुरू करायला एक दिवस पुरतो. जुन्या प्रणालीसाठी अशा चाचण्या लिहायला वर्षे लागतात. म्हणून बहुतेक कंपन्या बैठकांपासून सुरुवात करतात आणि बरेचदा तिथेच थांबतात.

तिसरी, लिहून ठेवण्याची शिस्त. अ‍ॅजाइल म्हणजे कागदपत्रे नकोत, हा गैरसमज आहे. चमू जितका दूर, तितके निर्णय लिहून ठेवणे गरजेचे. वरच्या उदाहरणातला प्रश्न आणि त्याचे उत्तर एका जागी लिहिलेले असेल, तर पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा रात्र जागवत नाही.

नोकऱ्यांवर परिणाम काय?

केवळ समन्वयाची पदे सर्वांत आधी धोक्यात येतात. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या कॅपिटल वन बँकेने अ‍ॅजाइलशी संबंधित सुमारे १,१०० पदे रद्द केली. हे काम आता अभियंते आणि प्रॉडक्ट व्यवस्थापकांनीच करावे, अशी त्यामागची भूमिका होती. म्हणजे ज्या पद्धतीने मधले थर अनावश्यक ठरवले, त्याच पद्धतीच्या नावाने तयार झालेला थरही पुढे अनावश्यक ठरला.

भारतात याचा फटका चाळिशीतल्या कर्मचाऱ्याला जास्त बसतो. पाच-सात वर्षे कोड लिहिल्यावर ‘मॅनेजर’ होणे, हीच प्रगतीची खूण मानली गेली. गावाकडेही लग्नाच्या बोलणीपासून बँकेच्या गृहकर्जापर्यंत तेच पद मोजले गेले. आता बाजार विचारतो, की तुम्ही स्वतः काय तयार करू शकता किंवा ग्राहकाचा कोणता प्रश्न सोडवू शकता? कपात जाहीर करणाऱ्या कंपन्या नव्या कौशल्यांवर बोट ठेवतात. पण कोड सोडून समन्वयाकडे वळा, असे याच उद्योगाने दहा वर्षांपूर्वी या लोकांना सांगितले होते, ही बाजू त्या निवेदनांत येत नाही.

तिवस्याच्या विद्यार्थ्याने काय करावे?

दोन दिवसांचा वर्ग करून मिळणारे स्क्रम मास्टरचे प्रमाणपत्र बायोडेटात बरे दिसते, पण अनुभव नसताना केवळ त्यावर नोकरी मिळण्याचे दिवस मागे पडत आहेत. कर्ज काढून असे वर्ग करण्याआधी पालकांनी हे लक्षात घ्यायला हवे.

त्याहून उपयोगी सराव महाविद्यालयातच, फुकटात होऊ शकतो. अंतिम वर्षाचा प्रकल्प बहुतेक ठिकाणी वर्षाच्या शेवटी एकदम तयार होतो आणि तोंडी परीक्षेपुरता जगतो. तोच प्रकल्प चार जणांनी दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत करता येतो. संत्र्याच्या बागेतल्या फवारणीची नोंद ठेवणारे किंवा बाजार समितीतील आवक-भाव दाखवणारे साधे अ‍ॅप घ्यावे. दर दोन आठवड्यांनी ते खऱ्या बागायतदाराच्या किंवा अडत्याच्या हाती द्यावे. ‘याचा मले काय उपयोग?’ असा त्याचा रोखठोक प्रश्न ऐकावा आणि पुढचा तुकडा बदलावा. प्रत्येक बदलाची नोंद आणि चाचण्या जपून ठेवाव्यात. मुलाखतीत विचारले, की ग्राहकाने नाकारल्यावर काय केले, तर सांगायला खरी गोष्ट असेल.

आणि नोकरी स्वीकारताना पगाराबरोबर तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. ग्राहक कोणत्या देशातला आणि रोजची बैठक किती वाजता? कामाचा क्रम ठरवणारी व्यक्ती कुठे बसते? या आठवड्यात हे होणार नाही, असे म्हणायची सोय आहे का? अ‍ॅजाइलचा फलक प्रत्येक कंपनीच्या भिंतीवर सापडेल. तिथे निर्णय कोण घेतो, हे मात्र या तीन उत्तरांतूनच कळेल.